सूर्याचे डाग आणि ह्यांचा एक

४ फेब्रुवारी, मंगळवार

घरात एक अशी वस्तू आली आहे की तिला जमेत धरावं की खर्चात, ते मला कळेना. म्हणून हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानांपासून लिहायला घेतलं. नवी वही आणलेली नाही.

वस्तू म्हणजे दुर्बीण. फुकट आली आहे, म्हणून तर संशय.

झालं असं, की हे गेल्या वर्षापासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या आकाशमित्र मंडळात जातात. घड्याळं दुरुस्त करून करून मान आखडली, आता जरा वर बघावं, असं त्यांचं म्हणणं. मंडळातले सगळे रात्री जागून तारे बघतात. आमचे हे नऊला घोरायला लागतात. शेवटी अध्यक्षीणबाईंनी तोड काढली. त्या औषधाच्या दुकानातून निवृत्त झाल्या आहेत आणि अजून पुडी बांधून दिल्यासारख्या बोलतात. म्हणाल्या, "तुम्ही सूर्य घ्या. रोज एक चित्र, जेवणाआधी. वर्षभर खंड नको." आणि मंडळाची जुनी दुर्बीण ह्यांच्या हवाली केली.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "बाळ्या, आयुष्यभर लोकांची घड्याळं नीट केलीस. आता सूर्य मागे पडतोय का?"

बाळ्याला एकसष्टावं चालू आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पद्धत कळली. सूर्याकडे बघायचंच नाही! दुर्बिणीच्या मागे खोका, खोक्यात पांढरा कागद, कागदावर बशीएवढा सूर्य उतरतो. त्यावरचे डाग पेन्सिलीनं टिपायचे. सूर्य सारखा सरकून कागदाबाहेर जातो, म्हणून माणसं दोन लागतात. मी नळी फिरवते, हे टिपतात, मग मी मोजून तक्ता भरते. माझे रकाने सरळ येतात. मॅट्रिकला भूमितीत चांगले गुण होते, पण ते आता कोण विचारतंय.

अडचण एकच. सूर्य आधी सापडायला हवा. त्यासाठी मोठ्या नळीच्या पाठीवर एक पिल्लू दुर्बीण बसवलेली आहे. हे तिला फाइंडर म्हणतात. तिला उजवा डोळा लावून सूर्य मध्यावर आणायचा, हे काम ह्यांचं, आणि तिच्या तोंडावर खास काळा फिल्टर लावायचा. त्याची किंमत ऐकली. तेवढ्यात आमच्या घरी दोन महिने दूध येतं.

मी म्हटलं, "अहो, काळं ते काळं. सासूबाईंच्या खुब्याचा एक्स-रे कपाटावर पडलाय. कापून लावते की."

हे जरा घुटमळले. "मंडळात सांगितलंय, फिल्टर खराच घ्या म्हणून."

"मंडळाला काय जातंय सांगायला?"

मग कात्री शोधून दिली. चौतीस वर्षांत ह्यांनी माझ्याशी जे वाद घातले ते दोन हातांच्या बोटांवर मावतील, आणि त्यातले नऊ मी जिंकले आहेत. कात्रीनं गोल कापला, रबर लावून बसवला. अगदी बेतल्यासारखा बसला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हाडातनं सूर्य बघा. तेवढंच राहिलं होतं."

एका पैशाचा खर्च नाही. रात्री समाधानानं झोपले.

९ फेब्रुवारी, रविवार

सात डाग. तीन एकत्र, चार सुटे.

प्रार्थनेला बसले तेव्हा मनात आलं, हे बरं नव्हे. देवानं एवढा मोठा दिवा लावला आणि मी त्याची काजळी मोजत बसले. कुणी आमच्याकडे येऊन माझी भांडी अशी उजेडात धरून बघितली असती तर मला चाललं असतं का? देवाला विचारलं, थांबू का? उत्तर आलं नाही. नकार नाही म्हणजे होकार, असं मी धरून चालते. सासरी आल्यापासून हाच नियम आहे.

डाग रोज थोडे पुढे सरकतात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून. कडेला जाऊन चपटे होतात आणि पलीकडे उतरतात. काल कडेवरचा एक आज गेला. मला चक्क चुकल्याचुकल्यासारखं झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे फार चुका काढायला लागले आहेत. परवा म्हणाले, भिंतीवर तेलाचा डाग आहे. मला दिसेना. तरी पुसली. आज म्हणाले, "चादरीवर काय सांडलंय?" काही नव्हतं. दुपारी तर माझ्याकडे बघून, "गालाला काळं लागलंय तुझ्या." मी आरशात बघून आले. गाल माझाच होता, जसा असतो तसा.

दुर्बिणीनं माणसाची नजर तयार होते म्हणतात. झाली वाटतं. आता मी चौतीस वर्षांचा केर काढत बसू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तक्त्यात घोळ. मी मोजले पाच, हे म्हणतात सहा. सहावा सगळ्यांत मोठा आणि बरोबर मधोमध.

"अगं, एवढा ढळढळीत दिसतोय!"

"कुठे?"

"इथे." आणि पेन्सिल टेकवली. तिथे पेन्सिलीचं टोक सोडून काही नव्हतं.

त्यांची नजर कारागिराची. डावा डोळा जन्मापासून मंद, नावापुरता. पण उजव्या डोळ्याला भिंग लावून केसाहून बारीक स्प्रिंग सरळ करतात. त्या एका डोळ्यावर हे घर चाललं आहे. तेव्हा त्यांना दिसतो तर असेलही. पण मला न दिसलेली वस्तू मी तक्त्यात कशी लिहू? दोन रकाने केले. एक 'ह्यांचे', एक 'माझे'.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवस झाले, ह्यांचा डाग जागचा हलत नाही. माझे सगळे सरकतात, हा मात्र मधोमध ठाण मांडून. मी म्हटलं, सूर्य फिरतो तर हा का नाही फिरत? हे म्हणाले, "हाच तर शोध आहे." रविवारी मंडळात जाहीर करणार आहेत. अध्यक्षीणबाई पुढे मोठ्या वेधशाळेला कळवतील. ह्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तेव्हा अर्थात बूट चावत होते.

संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, मला गच्चीवर नेऊन गुरू दाखवला. पिवळसर गोळी, आणि तिच्या दोन बाजूंना मिळून चार चंद्र, एका रांगेत. देवा, हे तू मला पन्नास वर्षं दाखवलं नाहीस! डाळ निवडण्यात माझ्या किती संध्याकाळी गेल्या.

मग हे बघायला वाकले. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "चंद्र आहेत. गुरू नाही."

"म्हणजे? आई घरात नाही आणि पोरं उंबऱ्यावर?"

"मधल्या जागी काहीच नाही. ढग आला असेल."

मी वर पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. दुर्बिणीला परत डोळा लावला तर गुरू जिथल्या तिथे. हे म्हणाले, "आला असेल आणि गेला असेल." असेल. आकाशातलं मला काय कळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बँकेतल्या बाई दुकानात येऊन तावातावानं बोलून गेल्या. त्यांच्या घड्याळाच्या डायलवरचा सहाचा आकडा गायब. ह्यांनीच घासून काढला. "डाग होता, जाईना म्हणून जरा जोर लावला." बाई म्हणाल्या, "मी साडेसहा कसे बघू?" सासूबाई आतून म्हणाल्या, "साडेपाच झाले की वाट बघायची."

हसले मी. पण ह्यांचं पाहिलं तर हसत नव्हते. भिंग काढून पुसत होते. पुन्हा पुन्हा पुसत होते.

वय झालं, दुसरं काय. गाजर वाढवलं जेवणात.

२२ फेब्रुवारी, शनिवार



सकाळपासून आभाळ भरलेलं. सूर्याचा ठिपकाही नाही. उद्या मंडळात बोलायचं, म्हणून ह्यांना चैन पडेना. गच्चीवर गेलो. दुर्बीण लावली, खोका लावला, ढग फाटायची वाट बघत बसलो. खोक्यात नुसता कोरा कागद. त्याच्यावर उजेड नाही, बशी नाही, काही नाही.

हे कागदाकडे बघून म्हणाले, "बघ, आजही आहे."

"काय?"

"डाग. मधोमध."

मी खोका उचलून बाजूला ठेवला. माझा पदर त्यांच्यासमोर ताणून धरला. पांढरा, कालच धुतलेला. विचारलं, "आणि इथे?"

त्यांनी बघितलं. मग हात पुढे करून पदराला बोट लावलं, जिथे त्यांना दिसत होतं तिथे. मग आपल्या बोटाकडे बघितलं. बोटाचं टोक त्यांना दिसलं नसणार. कारण ते खाली बसले, पाण्याच्या टाकीला टेकून, आणि म्हणाले, "अगं, हा सूर्यावर नाहीये."

भिंत. चादर. माझा गाल. सहाचा आकडा. गुरू. मी मूर्ख बाई, भिंत पुसत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर उद्या. मंडळात गेलो नाही. प्रार्थना केली, पण शब्द तोंडातून नुसते जात होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बसवून ठेवलं. मग यंत्रातून पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजल्याची खूण आहे. सूर्याकडे बघितलंत?"



हे चटकन म्हणाले, "हो. नुसत्या डोळ्यांनी. वाईट खोड आहे मला."

मी मध्येच म्हटलं, "अहो, कधी? खोटं काय सांगता? डॉक्टर, दुर्बिणीला मी एक्स-रे लावून दिला होता. हाडाचा. फिल्टर महाग म्हणून."

"तिचं ऐकू नका. मी बघितलं नुसत्या डोळ्यांनी."

"कधीच नाही बघितलं!"

"तुला काय माहीत, तू नळी फिरवत होतीस."

"चौतीस वर्षं मला माहीत नाही ते तुम्हाला काय असणार आहे?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघं बाहेर जाऊन ठरवा. मला पुढचा पेशंट आहे." पण मग माझ्याकडे बघून सांगितलं. एक्स-रेतून सूर्य मंद दिसतो, म्हणून माणूस बिनधास्त बघत राहतो. पण डोळ्याला न दिसणारी किरणं आरपार येतात आणि पडदा भाजतात. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. औषध नाही. तीन ते सहा महिने वाट बघायची. भरून आलं तर आलं. अर्धंमुर्धं येईल, किंवा येणारही नाही. परत सूर्याकडे बघितलं तर मात्र राहिलेलंही जाईल.

रस्त्यात हे म्हणाले, "कशाला बोललीस?"

"मग डॉक्टरांनी खोटं लिहून घ्यायचं?"

"त्यांच्या लिहिण्यानं माझा डोळा बरा होणार होता का?"

ह्या माणसाला व्यवहार कधी कळलाच नाही. स्वतःवर घेऊन ह्यांना काय मिळणार होतं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस देवाशी बोलणं बंद ठेवलं होतं. आज बोलले. म्हटलं, हे बघ, तुझ्यापुढे दोन वाटा होत्या. मला वेळेवर अक्कल द्यायची, नाहीतर एक्स-रे हरवायचा. यातलं एकही तू केलं नाहीस. तेव्हा अर्धा दोष तुझा, आणि अर्ध्या दोषाची भरपाई मी मागते. पडदा तूच विणला होतास. आता बस आणि रफू कर.

मग कान धरून क्षमा मागितली. पण बोललेलं मागे घेतलं नाही.

३ मार्च, सोमवार

अध्यक्षीणबाई घरी आल्या. त्यांना वाटलं आम्ही दुर्बीण परत करणार. माझाही विचार तोच होता. पण ह्यांनी सांगितलं, "ही काढील चित्रं. मी खाली बसतो."

मला धक्काच बसला. बाईंनी फाइंडरच काढून घेतला आणि गच्चीवर वेगळी युक्ती दाखवली. नळीची सावली जमिनीवर बघायची. सावली लांबट असेल तर नळी तिरपी आहे. फिरवत फिरवत सावली गोल, अगदी लहान झाली की सूर्य नळीत आला. वर बघायलाच नको. युक्ती फुकट!

विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. पहिल्याच बैठकीत. तुमच्या मिस्टरांना डुलकी लागली होती."

खाली येऊन मी ह्यांना एकवीस मिनिटं बोलले. डोळा दुखावलाय म्हणून कान सुटत नाहीत.

८ मार्च, शनिवार

ढग.

१६ मार्च, रविवार

डॉक्टरांनी चौकटीचौकटीचा कागद दिला आहे; मी पेन्सिलीनं त्याच्या नकला काढून ठेवल्या आहेत. रोज त्याच्या मध्यावर बघायचं, आणि रेघा जिथे पुसट किंवा वाकड्या दिसतील तिथे खूण करायची. मी तीच मोजपट्टी वापरते. वर सूर्याचे डाग मोजते, खाली ह्यांचा. पहिल्या दिवशी हरभऱ्याएवढा होता.

आज म्हणाले, वाटाण्याहून लहान झाला. मी म्हटलं, हरभरा वाटाण्याहून लहानच असतो.

दुकान उघडं आहे, पण फक्त भिंतीवरची घड्याळं घेतात. मनगटी घड्याळ घेऊन कुणी आलं की म्हणतात, सुटे भाग मिळत नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

ह्यांची लबाडी पकडली. महिनाभर रोज खूण लहान लहान करत चालले होते. काल तर म्हणाले, गेला. सगळ्या रेघा सरळ. मी आनंदानं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यानं मघाशी सुईत दोरा का नाही ओवला?"

आज मी कागदाच्या मधल्या दोन रेघा खोडरबरानं अलगद पुसून टाकल्या आणि दिला.

"सगळ्या सरळ," हे म्हणाले.

"मधल्या दोन रेघा मी पुसल्या आहेत."

कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "रोज तो कागद मोजताना तुझं तोंड बघवत नव्हतं."

"तोंड बघू नका. रेघा बघा. मी खऱ्याखुऱ्या हरभऱ्याला घाबरत नाही, पण खोट्या आकड्यावर माझ्यानं जगवणार नाही."

खरी खूण काढून घेतली. मसुराएवढी आहे. म्हणजे लहान झालीच आहे. ह्यांच्या थापेइतकी नाही, एवढंच.

१५ जून, रविवार

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. आता राहिलंय ते राहणार, म्हणाले. मोहरीएवढं. वाचता येतं. भिंतीवरचं घड्याळ झक्क जमतं. मनगटी घड्याळाला मान वाकडी करून कडेच्या नजरेनं काम करावं लागतं. दुप्पट वेळ लागतो, बायकांची नाजूक घड्याळं तर जमतच नाहीत. काल एक परत पाठवलं. "मला दिसत नाही एवढं बारीक," असं गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं. सुट्या भागांचं नाव काढलं नाही. मी आत पोळपाट धुवत होते. हात तसाच पाण्याखाली राहिला.

आज मंडळाची सहामाही बैठक होती. हल्ली तिथले बरेच जण दिवसा सूर्यही बघायला लागले आहेत. सूर्याचा अहवाल मी वाचायचा होता. हे वाटेत चार वेळा म्हणाले, "फेब्रुवारीचं राहू दे. आकडे वाच आणि बस खाली. लोक तुला हसतील." मी बरं म्हटलं. बरं म्हणजे हो, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

उभी राहिले. तीसेक माणसं.  जानेवारी नाही, फेब्रुवारीपासून वाचलं. मग म्हटलं, "चौदा ते एकवीस फेब्रुवारी, 'ह्यांचे' या रकान्यात रोज एक डाग जास्त आहे. तो सूर्यावर नव्हता. तो आमच्या ह्यांच्या डोळ्यात होता, आणि तो मी पाडला. फिल्टरचे पैसे वाचवायला मी एक्स-रे कापून लावला. पैसे वाचले. हा माणूस घड्याळजी आहे, आणि आता बारीक घड्याळ त्याला दिसत नाही. हा अहवालाचा भाग आहे, म्हणून वाचला." आणि बसले.

कुणी हसलं नाही.  मला वाटलं, आता आम्हाला मंडळातून काढणार.

मग मागच्या रांगेतले पोस्टमन उठले. पिशवीत हात घातला, पुढे आले, आणि टेबलावर एक काळा गोल तुकडा ठेवून परत जाऊन बसले. गुडघ्याचा होता. त्यानंतर भूमितीच्या मास्तरांनी खिशातून काढला, बरगड्यांचा. दोघी बहिणी आल्या, त्यांच्याकडे एकाच कवटीचे दोन अर्धे. कुणी काजळी धरलेली काच ठेवली, कुणी जुन्या फोटोची निगेटिव्ह. आणखी दोन-तीन तुकडे आले. टेबलावर इतकी हाडं जमली की अजून थोडी असती तर एक माणूस उभा राहिला असता. अध्यक्षीणबाईंनी सगळं गोळा करून टराटरा फाडलं, काचा कागदात गुंडाळल्या, आणि म्हणाल्या, "उद्यापासून सावलीनं. सगळ्यांनी." मग मोठ्यानं नाक शिंकरलं.

घरी येताना हे दोन पावलं पुढेच चालत होते. मला वाटलं, रागावले. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "अध्यक्षीणबाईंचा राहिला."

"काय राहिला?"

"सगळे त्या टेबलाकडे बघत होते. त्यांनी पर्समधून एक तुकडा अर्धा काढला आणि लाज वाटली तसा परत आत सारला. दाताचा असावा, लहान होता."

"तुम्हाला कसा दिसला?"

"मी सरळ कुठे बघतो आता? कडेनं बघतो. कडेला बरंच काही चाललेलं असतं."

उद्या सकाळीच त्यांच्याकडे जाते. चहा देतील तो पिऊन घेईन, दुसरा कपही घेईन, आणि तो तुकडा हातात घेतल्याशिवाय उठणार नाही.